तेराव्याच्या भाकरी

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. तुराट्यांनी विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माणसाच्या कमरेएवढी उंच. माझ्या पोटात धान्य ठेवतात. ठेवत होते, असं आता म्हणायला हवं. मी रिकामी आहे हे आमच्या वस्तीला ज्या दिवशी कळलं, तो दिवस आधी सांगते.

हस्त नक्षत्र लागलं होतं. शेंद्र्याजवळच्या आमच्या वस्तीवर रानाला वाफसा आला होता, म्हणजे ओल पेरणीजोगी झाली होती. सरूबाई वारून महिना झाला होता. सकाळीच साळूबाई, आवडाबाई आणि आणखी दोघी-तिघी टोपल्या घेऊन दारात आल्या. सरूबाईचा नवरा सांडू दारातच दोरी वळत बसला होता.

"भावजी, सरा जरा. बी काढायचं हाय," साळूबाई म्हणाली.

"कशाचं बी?"

"घ्या! शाळूचं. त्या कणगीतलं."

सांडूनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "त्या कणगीतलं? ते तर तेराव्याला दळून आणलं की, वहिनी. तुमीच भाकरी थापल्या त्याच्या."

साळूबाई आत आली. माझ्यात खांद्यापर्यंत हात घातला. तळाशी राख होती आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला. तिनं मूठ बाहेर काढून सगळ्यांपुढं उघडली.

हे असं का झालं ते समजायला मागचं ऐकावं लागेल.

निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. सरूबाई नवी नवरी म्हणून वस्तीवर आली. येताना ओटीत माहेरचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, घेऊन आली. टपोरा, मोत्यासारखा दाणा. कडबा बैलाच्या शिंगांवर जाईल एवढा उंच. पहिल्याच सुगीत सगळ्या बायांनी तिच्याकडून मूठ-मूठ बी मागून नेलं.

पुढच्या वर्षी साळूबाईच्या घरी गंमत झाली. तिच्या नवऱ्यानं, कडूबानं, मडक्यातलं बी शहरात शहागंजच्या बाजारात नेऊन विकलं आणि मनगटाला घड्याळ बांधून आला. घड्याळ त्याला वाचता येत नव्हतं. वेळ विचारली की तो आधी सूर्याकडं बघायचा आणि मग मनगटाकडं. वस्ती हसली, पण साळूबाईला पेरायला बी उरलं नाही. तेव्हा सरूबाईनं कणग्या विणणाऱ्या फकिराकडून मला विणून घेतलं. सगळ्या बायांनी मिळून मला लिंपलं. सगळ्या घरांचं बी एकाच पोटात ठेवायचं ठरलं. पेरणीला ज्याला लागेल त्यानं मापानं न्यावं आणि सुगीत परत करताना मापावर ओंजळभर जास्त घालावं. ज्याचं पीक बुडालं त्यानं त्या वर्षी काही घालू नये. आणि एक गोष्ट पक्की ठरली. कोणत्या कणगीत काय आहे, हे गडीमाणसांच्या कानावर घालायचं नाही.

ती ओंजळ आमच्या वस्तीला पुरली. कोणाला बियाण्यासाठी व्यापाऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं नाही. सुगीच्या आधी सरूबाई सगळ्यांच्या रानात फिरायची, चांगली कणसं निवडून त्यांना चिंधी बांधायची. गडी म्हणायचे, "सांडूची बायको रानात चिंध्या बांधती, हिला काय नवस हाय का!" ती हसून पुढं जायची. पेरणीला घरोघरी बी यायचं. कुठून आलं, हे कोणा गड्यानं विचारलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणसं खडी फोडायला गेली, मिळेल ती मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, खाल्ली. मी मात्र भरलेली होते. संध्याकाळी कामावरून आली की सरूबाई मला पाठ लावून बसायची. रात्री तिथंच झोपायची. तिच्या पाठीची हाडं मला टोचायची. माझ्यातला एक दाणा तिनं काढला नाही, कोणाला काढू दिला नाही. दुष्काळ सरला तेव्हा सगळ्या वस्तीची रानं माझ्यातल्या बियाण्यानं पेरली गेली. त्या वर्षी बायांनी मला हळद-कुंकू लावलं.

अशी पुष्कळ वर्षं गेली. मग एका भादव्यात सरूबाईला ताप आला. तो डोक्यात गेला. शहरात दवाखान्यात नेलं तेव्हा तिची शुद्ध हरपली होती. परत आली ती बोलली नाही, आणि थोड्याच दिवसांत गेली. तिला काही सांगायला वेळच मिळाला नाही.

तेराव्याला सगळी वस्ती जेवायला येणार होती. घरात दोन कणग्या होत्या. खाण्याच्या कणगीतल्या जोंधळ्याला कीड लागली होती. सांडूनं तो सुपात घेऊन पाहिला. "तिच्या नावानं किडकं नाय घालायचं," असं तो एकटाच बोलला. मग त्यानं माझं झाकण काढलं. राख लावून, लिंबाचा पाला घालून ठेवलेला पांढरा दाणा त्याला दिसला. बायकोनं एवढ्या निगुतीनं ठेवलंय म्हणजे काही चांगल्या कामासाठीच असणार, असं त्याला वाटलं. त्यानं ते धुतलं, वाळवलं आणि सगळंच्या सगळं चक्कीवर नेलं. मित्रांनो, मला तोंड आहे, पण बोलता येत नाही.

त्या सकाळी हे सगळं उलगडलं तेव्हा आवडाबाई म्हणाली, "अन् मीच बोलले व्हते, पीठ काय सुरेख हाय! अर्धी भाकर मागून घेतली मी."

"ती मला कधी बोलली नाय," सांडू म्हणाला. "बहात्तरला हिला पाठ लावून बसायची. मी म्हणायचो, भुकेनं चक्कर येतीय, म्हणून टेकली असंल."

"तुमचं नाय चुकलं, भावजी," साळूबाई म्हणाली. "आमीच तोंड शिवून बसलो. एका घड्याळापायी सगळ्या गड्यांना येड्यात काढलं."

सांडूनं गुडघ्यात डोकं घातलं. बायकोला जाळून आला तेव्हाही तो असा रडला नव्हता.

त्या वर्षी बियाणं शहागंजातून विकत आलं. पीक आलं, पण ज्वारीचं ताट बुटकं निघालं. बैलांनी कडब्याला तोंड लावलं नाही. त्याचं बी ठेवून पेरलं तर नीट आलं नाही. आता दर वर्षी बियाण्याच्या पिशव्या आणाव्या लागतात. टोपल्या घेऊन बाया येत नाहीत. माझं लिंपण पोपडे धरून गळतंय. घूस लागली आहे.

सांडू मात्र हिंडतो. सरूबाईच्या माहेरी, फुलंब्रीकडं जाऊन आला. मेव्हणा म्हणाला, "दाजी, कोण पेरतंय आता ते? आमी समदा कापूस लावलाय." तिथून पाहुण्यांच्या गावी गेला, बाजारात धान्याच्या ढिगांपुढं बसून दाणे पाहिले. एकदा कोणीतरी सांगितलं म्हणून मूठभर आणून पेरले. कणसं भरली तेव्हा रानात उभा राहून पाहिली आणि म्हणाला, "हे तिचं नाय."

मित्रांनो, तुमच्याही घरी, गल्लीत कोणीतरी सगळ्यांसाठी काहीतरी जपत असेल. ते काय आहे, कुठं ठेवलंय आणि कशासाठी, हे त्या माणसाजवळ बसून विचारा. ते माणूस बोलतंय तोवर विचारा.

सरूबाईचा शाळू अजून मिळालेला नाही. करमाडच्या पलीकडची गावं सांडूनं अजून पाहिलेली नाहीत.