दाजींचं निम्मं उत्पन्न

आईला इकडे परदेशात आणायचं तर तिला पोसायची आपली ऐपत आहे हे सरकारला दाखवावं लागतं. माझी ऐपत मलाच जेमतेम पुरते, म्हणून दुसरा जामीनदार म्हणून ताईच्या नवऱ्याला, म्हणजे दाजींना घेतलं. ते अर्ध्या तासात तयार झाले तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मी, ताई आणि दाजी व्हिसाच्या कचेरीत कागद द्यायला गेलो, त्याच दिवशी आईच्या वैद्यकीय दाखल्याची मुदत संपत होती. कागद जमा झाले नाहीत तर सगळं पहिल्यापासून, म्हणजे आणखी दोन वर्षं. आई तिकडे एकटी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "मी मजेत आहे," असं ती फोन उलटा धरून सांगते.

खिडकीमागच्या बाईंनी दाजींचा फॉर्म पाहिला, मग कराचे कागद, मग दाजी.

"फॉर्मवरचं उत्पन्न कराच्या कागदावरच्या निम्मं आहे. खरं कुठलं?"

"तसं काही नाही," दाजी म्हणाले.

दाजींच्या घराण्यात खरा पगार कुणी सांगत नाही. सांगितला की नातेवाईक उगवतात. लग्नाच्या बोलणीत बाकीचे मुलगे दुप्पट सांगतात, दाजींनी निम्मा सांगितला होता. त्या निम्म्यात ताईने अकरा वर्षं संसार ओढला. फॉर्म भरताना ती शेजारीच भाजी निवडत होती, म्हणून त्यांनी सवयीने तोच आकडा लिहिला. करखात्याला मात्र ते खरं सांगत आले होते. परक्यांशी माणूस अगदी सरळ.

"निम्मं म्हणजे?" ताईने विचारलं.

"घरी बोलू."

"घरी दिवा लावला तरी तुम्ही मीटर बघता. इथे उजेड फुकट आहे. बोला."

"चारला खिडकी बंद," बाई म्हणाल्या. "आकडा खोडा, खरा लिहा, बाजूला सही करा. नाहीतर अर्ज परत."

पावणेचार झाले होते. दाजी पेन धरून उभे.

"पुढच्या वेळी नीट भरू या का?" त्यांनी मला विचारलं.

चार महिने मी एकेका कागदाच्या तीन-तीन प्रती काढत होतो. मला इतका राग आला की आवाज एकदम गोड झाला. "दाजी, पुढच्या वेळेपर्यंत आईला पेन दिसणार नाही. तुम्हाला आत्ता दिसतंय ना?"

ते खिडकीकडे वळले. "हाताने झाकून लिहिलं तर चालेल?"

"मला दिसलं म्हणजे झालं," बाई म्हणाल्या.

ताईने त्यांचा झाकणारा हात उचलून बाजूला ठेवला, फळीवरचा डबा सरकवावा तसा. "लिहा."

त्यांनी लिहिलं. ताईने आकडा वाचला, पुन्हा वाचला. दाजींना घाम फुटला.

"अर्जदार येऊन राहणार कुठे?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडे," ताई म्हणाली. "आमच्या खोलीत. हे बाहेर कोचावर झोपतील."

"ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला.