सुजाताची तारीख

बीडच्या शिशुगृहातून सुजाताला घरी आणलं तेव्हा ती आठ महिन्यांची होती. "कोर्टाचा आदेश झाला की लेकरू कायद्यानं तुमचं. दोन महिन्यांचं काम आहे," वकील म्हणाले होते. तोवर ती जालिंदर आणि चतुराबाईकडं फक्त सांभाळायला होती.

पहिल्याच तारखेला अर्ज अडला. लग्नाच्या नोंदणीचा दाखला नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी धारूरजवळच्या त्यांच्या गावात, बुद्धमूर्तीपुढं वंदना घेऊन लग्न लागलेलं. तेव्हा कागद कोण करत होतं? ग्रामसेवक म्हणाला, "नोंद आजही होईल, पण लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार आणा."

तीन माणसं आणायची कुठून? दुष्काळानं निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. जालिंदर गावच्या दूध संस्थेचा सचिव. जनावरं विकली गेल्यानं संस्थेत एक कॅनही धड भरत नव्हता. दोन म्हातारे कसेबसे मिळाले. तिसरा बन्सी, चतुराबाईचा चुलतभाऊ, कोल्हापूरकडं एका सहकारी कारखान्याच्या तोडीवर होता. जालिंदर एसटीनं तिथं गेला, तर मुकादम आडवा आला.

"काहून नेतो बे त्याला? माझी गाडी अर्धी ऱ्हाती!"

"फक्त सही पायजे मुकादम. लेकराचं काम हाय."

"मग तू भर गाडी."

जालिंदरनं दोन दिवस बन्सीच्या बरोबरीनं ऊस तोडला. लिहिण्याची सवय असलेल्या हातांना फोड आले. गाडी भरली तेव्हा कुठं बन्सी सुटला.

दाखला मिळाला. तो द्यायच्या तारखेला न्यायाधीश रजेवर. पुढच्या तारखेला त्यांची बदली झालेली. नवे साहेब आले, त्यांनी फाईल पहिल्यापासून वाचली आणि नवरा-बायकोचे वैद्यकीय दाखले जुने झाल्याचं सांगितलं. पुन्हा सरकारी दवाखाना, पुन्हा रांग. जालिंदरनं नवे दाखले वकिलांकरवी कोर्टात दिले. तरी पुढची तारीख पडलीच.

दर तारखेला शिशुगृहाची बाईही कोर्टात यायची. ती दिसली की चतुराबाई पोरीला पदराखाली घ्यायची.

"अवं, ह्ये नेतील का हिला माघारी?"

"न्हाई नेत," जालिंदर म्हणायचा. पण ते कोणत्या कागदावर लिहिलंय, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

चौदाव्या महिन्यात पुन्हा पुकारा झाला. न्यायाधीशांनी फाईल चाळली. "वैद्यकीय दाखले दिसत नाहीत. पुढची तारीख घ्या."

वकिलांनी मान हलवली. जालिंदरची कानशिलं तापली. पण तो बोलायच्या आत चतुराबाई उभी राहिली.

"साहेब, लेकरू आलं तवा धड बसत न्हवतं. आता पळतंय. मला आई म्हणतंय. मी व्हय म्हनू का न्हाई, तेवढं सांगा."

वकिलांनी तिला बसायची खूण केली. ती बसली नाही.

जालिंदर म्हणाला, "दाखले मागच्या टायमालाच दिलेत साहेब. फायलीत बघा की."

न्यायाधीशांनी कारकुनाकडं पाहिलं. कारकुनानं फाईल उलटीपालटी केली. दाखले त्याच फायलीत दुसऱ्या एका अर्जाच्या मागं टाचले गेले होते. साहेबांनी ते वाचले, शिशुगृहाच्या बाईला हरकत विचारली, तिनं नाही म्हटलं.

"आदेश आजच करतो," ते म्हणाले.

सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

बाहेर वकील हसत म्हणाले, "जालिंदरराव, आता पेढे!"

"दाखले बघायला कुणाला दहा मिन्टं न्हवती, आन् आमचं सव्वा साल गेलं," जालिंदर म्हणाला. आनंद व्हायला हवा होता. अंगात नुसता संताप होता. चतुराबाई मात्र व्हरांड्यात खाली बसून रडत होती, आणि सुजाता तिचे डोळे पुसायला जाऊन तिच्या कपाळावरचं कुंकू फासत होती.

"आता पुढं काय?" त्यानं वकिलांना विचारलं.

"आदेशाची नक्कल. ती दाखवली की जन्मदाखला बदलून मिळेल. नकलेसाठी अर्ज द्या त्या खिडकीत, पंधरा दिवसांनी या."

जालिंदर खिडकीकडं गेला. पुढं अकरा माणसं होती. तो रांगेत उभा राहिला.