खिशातलं बूच

बूच पितळेचं, बोराएवढं, आणि धुतल्यामुळे इतकं चकचकीत की हे आपलं नव्हेच असं त्याला क्षणभर वाटलं. बायकोने ते चहाच्या कपाशेजारी आणून ठेवलं होतं.

"पँटच्या खिशात होतं. मघापासून मशीनमध्ये खडखडत होतं," ती म्हणाली. "कधी नट, कधी स्क्रू, आता हे. घरातच कारखाना काढा एकदाचा."

तो हसला, आणि हसता हसता थांबला. हे बूच घरी असण्याचा अर्थ एकच होता... काल कारखान्यातल्या रिअ‍ॅक्टरची पाण्याने दाबचाचणी झाली, नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त दाबाने. तेवढ्या वेळात सेफ्टी व्हॉल्व्ह उघडू नये म्हणून त्याच्या टोपीतलं हे बूच काढायचं आणि त्या भोकातून गॅग – गॅग म्हणजे एक साधा जाड स्क्रू – आत पिळायचा, की व्हॉल्व्ह जागचा हलत नाही. चाचणी संपली की गॅग बाहेर, बूच परत जागेवर. बूच इथे आहे, म्हणजे गॅग अजून तिथेच आहे, आणि आज आतला दाब वाढला तर त्याला बाहेर पडायला वाट नाही.

ज्याने बूच काढलं त्यानेच ते खिशात ठेवायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, हा नियमही त्याचाच. खिसा विसरू देत नाही, असं तो प्रत्येक नव्या माणसाला छाती काढून सांगायचा. आणि काल पाणी उतरल्यावर पैलवान – अंगाने काडी, म्हणूनच पैलवान झालेला तो फिटर – खालून विचारत होता, "साहेब, गॅग काढायला वर येऊ का?" तर मी काय म्हणालो? "आता तू मला शिकवणार? जा घरी." तेवढ्यात पलीकडच्या पंपाची गळती निघाली, मी तिकडे गेलो, आणि... गेलोच. पैलवान मान खाली घालून निघाला होता.

गाडी काढावी, गुपचूप वर चढावं, दोन मिनिटांचं काम, कुणाला पत्ताही लागायचा नाही – हे आधी सुचलं. रिअ‍ॅक्टरच्या मजल्यावर राबणारी माणसं नंतर आठवली. हा क्रम लक्षात आला तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली. त्याने कंट्रोल रूमला फोन लावला.

"रिअ‍ॅक्टर तापवायला वाफ सोडली का?"

"आत्ताच, साहेब," ऑपरेटर म्हणाला. "तापतोय हळूहळू."

"बंद कर. थंड पाणी फिरव, सगळ्यांना खाली घे. सेफ्टी व्हॉल्व्हवर गॅग राहिलाय."

पलीकडे धावपळ, हाका, कुणाचं तरी खोकणं. फोन कानाशी धरून तो उभा राहिला. बायको गॅलरीत कपडे झटकत होती, आणि प्रत्येक झटक्याला त्याचा खांदा उडत होता.

"उतरतंय, साहेब. दाब अजून धरलाच नव्हता." ऑपरेटरने दम घेतला. "सुट्टीच्या दिवशी, घरबसल्या तुमच्या लक्षात आलं! नाहीतर आज आमचं काही खरं नव्हतं." मग आवाज खाली आणून – "काल वर पैलवान होता ना?"

नाही, मी होतो. एवढंच तर म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलेही असतील...

"मी आल्यावर बघतो," तो म्हणाला. आवाज शांत निघाला, नव्या माणसांना नियम सांगतानाचा.

फोन ठेवला तरी छाती धडधडतच होती. फक्त ती आता रिअ‍ॅक्टरसाठी धडधडत नव्हती. पैलवान उद्या काय सांगेल, कुणाला सांगेल, माझ्यापुढे त्याचं कोण ऐकेल – मी एकेक चेहरा आठवून पाहत होतो. कुणीही ऐकणार नाही, असं उत्तर आलं, आणि मला बरं वाटलं.