उभ्या कपाशीतला नांगर

"साहेब, चपला बाहेर काढू काय?"

कॉलेजच्या ग्रंथालयाच्या दारात कडूबा भोपळे उभा होता. धुतलेलं धोतर, बंडीवर जुना काळा कोट, डोक्यावर टोपी. ग्रंथपाल वामनरावांनी चष्म्यावरून पाहिलं. खामगावात कॉलेज निघून दोनच वर्षं झाली होती आणि गावातला माणूस पुस्तकासाठी या खोलीत येण्याची ही पहिलीच वेळ होती.

"राहू द्या. या आत. काय काम आहे?"

"एक पुस्तक पाह्याचं होतं. अमेरिकेचं."

"मुलगा आहे का कॉलेजात?"

"नाई जी. माह्यासाठीच."

वामनराव अमरावतीहून आले होते. हायस्कुलातून निवृत्त होऊन त्यांनी ही नोकरी धरली होती. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली, पण कडूबा उभाच राहिला.

"अमेरिकेचं म्हणजे नेमकं काय हवंय? इतिहास, भूगोल?"

"तेहतीस साली तिथल्या सरकारनं उभ्या कपाशीत नांगर घालाले लावला होता काय, एवढंच पाह्याचं हाय."

वामनरावांना वाटलं आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. कडूबानं तेच वाक्य तसंच्या तसं पुन्हा सांगितलं.

कडूबा कापूस बाजारात एका अडत्याकडे बत्तीस वर्षं मापारी होता. इंग्रजी चौथीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. अडत्याकडे मुंबईचा इंग्रजी पेपर यायचा, दोन दिवसांचा शिळा. कडूबा त्यातले कापसाचे भाव गाडीवाल्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्याबद्दल त्याला कोणी काही देत नसे. पण गाड्यांच्या गर्दीतून "कडूबा, काय म्हनते मुंबई?" अशी हाक आली की त्याला बरं वाटायचं.

तेहतीसच्या दिवाळीनंतर पहिल्या गाड्या आल्या तेव्हा त्यानं असाच पेपर वाचला. अमेरिकेत कापूस फार झाला म्हणून तिथल्या सरकारनं शेतकऱ्यांना पैसे देऊन उभं पीक नांगरायला लावलं, असं त्यात होतं. निदान त्याला तसं वाचता आलं. सगळं मैदान हसलं.

"सरकार सारा घेते बे. नांगराचे पैसे कोनतं सरकार देते?" कोणीतरी ओरडलं.

हसला नाही तो एकच माणूस, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पिंपळगाव राजाचे भगवंतराव. ते तीन गाड्या कापूस घेऊन आले होते. त्यांनी कडूबाला बाजूला घेऊन विचारलं, "नीट वाचलं काय तू?"

"हाव भाऊजी."

"मंग यंदा कापूस कमी पडन. भाव चढन." आणि त्यांनी तिन्ही गाड्या तिथूनच माघारी वळवल्या.

भाव चढला नाही. कापूस ज्येष्ठापर्यंत घरात पडून राहिला, पिवळा पडला, उंदरांनी त्यात बिळं केली. शेवटी भगवंतराव तो घेऊन बाजारात आले तेव्हा अडत्यानं मूठभर कापूस उचलून सगळ्यांना दाखवला आणि कडूबाला पुढे बोलावलं. "काय रे, ती अमेरिकेची खबर तूच दिली होती ना? आमच्या गाद्यांवर बसून लोकांचा माल परत पाठवतो?"

कडूबानं मान खाली घातली. "माह्याच वाचन्यात चुकी झाली असीन, मालक. मले इंग्रजी कमीच येते."

पुन्हा सगळं मैदान हसलं. भगवंतराव त्याच्याकडे न पाहता निघून गेले. त्या वर्षी त्याची बहीण गोजरबाई भाऊबीजेला आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. मधल्या पंधरा वर्षांत लढाई झाली, स्वराज्य आलं, कडूबाची बायको गेली, तेव्हा एक सुतकाचा निरोप इकडून तिकडे गेला. बहीण आली नाही.

त्यातच एक विचित्र गोष्ट झाली. भीतीपोटी बोललेलं ते वाक्य हळूहळू कडूबाला स्वतःलाच खरं वाटू लागलं. खरंच चुकीचं वाचलं असेल का आपण? 'प्लाऊ' या शब्दाचा दुसरा काही अर्थ होत असेल का? पेपर तर तेव्हाच पुड्या बांधण्यात गेला होता. त्यानं मोठ्यानं वाचणं सोडून दिलं. कोणी मुंबईचं विचारलं की तो पेपरच विचारणाऱ्याच्या हातात द्यायचा.

या श्रावणात अडत्याच्या दुकानात बोलणं निघालं, की मुंबईच्या अमेरिकन कचेरीनं कॉलेजला पुस्तकांची पेटी भेट पाठवली आहे. कडूबा तागडीच्या साखळ्या पुसत होता. त्यानं ते ऐकलं आणि चौथ्या दिवशी तो इथे आला.

"नियमानं पुस्तक घरी देता येणार नाही," वामनराव म्हणाले. "पण इथे बसून वाचायला हरकत नाही. तशी गावकऱ्यांना मुभा आहे, फक्त अजून कोणी आलेलं नाही."

"मी येतो जी. बाजार मंदाच हाय सध्या."

तो रोज तीनच्या सुमारास येऊ लागला. भिंतीवर मध्यप्रांत व वऱ्हाडाचा मोठा नकाशा होता, त्याच्याखालच्या बाकावर बसायचा. वामनरावांनी त्याला पेटीतला अमेरिकेचा इतिहास काढून दिला आणि पुस्तकाच्या शेवटची सूची कशी पाहायची ते शिकवलं. 'कॉटन' या शब्दापुढे पानांचे आकडे रांगेनं दिले होते. कडूबानं ते सगळे एका कागदावर उतरवून घेतले आणि पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली.

"तेहतीस सालचं पान पुढे असेल. मधलं सोडा," वामनराव म्हणाले.

"असू द्या. घाई करून एकडाव फसलो."

एका पानाला दोन दिवस लागत. शब्दकोश उजव्या हाताला, पेन्सिल डाव्या हाताला. गुलामांची विक्री, त्यांची सुटका, मग कर्जात अडकलेली गावं, कापसाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या दहा-दहा वर्षांच्या पोरी, असं एकेक तो ओलांडत गेला. काही पानांवर तो अडायचा ते शब्दामुळे नव्हे. एका चित्रात फळ्यांच्या खोपट्यासमोर एक गोरी बाई अनवाणी उभी होती, मागे दारापर्यंत कपाशी. कडूबानं वामनरावांना बोलावून विचारलं, "हे अमेरिकेतलंच हाय ना साहेब? गोऱ्या लोकायचं?"

"अमेरिकेतलंच."

एकदा एका शब्दावर तो फार वेळ थांबला. तो शब्द कोशात नव्हता. वामनराव समजावू लागले, "शेअर म्हणजे हिस्सा, क्रॉप म्हणजे पीक. दुसऱ्याच्या जमिनीत राबून पिकातला हिस्सा घेणारा, असा काहीतरी..."

"मंजे बटईवाला," कडूबा म्हणाला आणि त्यानं तसं लिहून घेतलं.

वामनरावांनीही आपल्या वहीत तो शब्द लिहिला. त्या दिवसापासून ते दुपारचा चहा दोन कपांत मागवू लागले.

तिसऱ्या आठवड्यात ते पान आलं. कडूबानं आधी ते एकदा वाचलं, मग शब्दकोश काढून प्रत्येक शब्द पुन्हा पाहिला. येत होते तेही. एकोणीसशे तेहतीसचा उन्हाळा. पेरणी होऊन गेली होती, झाडं फुलाला आली होती. कापूस इतका साठला होता की त्याला गिऱ्हाईक नव्हतं. सरकारनं एकरामागे पैसे देऊन कोटभर एकर उभी कपाशी नांगरून टाकायला लावली.

"प्लाऊ मंजे नांगरच ना साहेब? दुसरा काई अर्थ नाई निंगत?"

"नांगरच," वामनराव म्हणाले. "सापडलं का?"

"हाव."

वामनरावांना वाटलं होतं हा माणूस उठेल, हसेल, निदान काही बोलेल. कडूबा पानावर हात ठेवून बसून राहिला. त्यानं फक्त पाणी मागितलं.

पुढचे दोन दिवस त्यानं ती दोन पानं उतरवून घेण्यात घालवले. वर इंग्रजी, खाली मराठी. मराठी वामनरावांनी तपासून दिलं.

"साहेब, याच्यावर तुमचा शिक्का मारून देता काय? शिक्का असला का लोकं मानतात."

ग्रंथालयाचा शिक्का पुस्तकांसाठी असतो हे वामनरावांना कडूबापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी शाईची डबी उघडली आणि दोन्ही कागदांवर तो नीट दाबून मारला.

रविवारी कडूबा सकाळच्या मोटारीनं पिंपळगाव राजाला गेला. गोजरबाई ओट्यावर धान्य निवडत होती. तिचे केस पार पांढरे झाले होते.

"कोन हाय?" तिनं डोळ्यांवर हात धरून विचारलं.

"मी, बाई. कडू."

ती उठली. सूप हातात तसंच राहिलं. मग आत जाऊन तिनं पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला आणि पुन्हा आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, पण ती बाहेर आली नाही.

भगवंतराव गोठ्याच्या कडेला बसून दोर वळत होते. सत्तरीला आले होते, पण हात घट्ट होते. त्यांनी नुसतं "बस" म्हटलं. कडूबानं कोटाच्या खिशातून कागद काढले, शिक्का दाखवला आणि मराठीतला मजकूर वाचून दाखवला. वाचून झालं तरी भगवंतराव दोर वळतच होते.

"हे मले काऊन दाखवून राह्यला तू?"

"म्या बरोबर वाचलं होतं, भाऊजी. तुमाले वाटलं असीन का म्या खोटी खबर..."

"म्या कधी म्हनलं तू खोटं वाचलं?"

कडूबानं कागद मांडीवर ठेवले.

"भाव नाई चढला. त्यात तुहा काय कसूर? भाव काय तुह्या हातात होता?" भगवंतरावांनी दोर खाली ठेवला. "पन तू त्या दिवशी चार लोकायत म्हनला, वाचन्यात चुकी झाली. मी तिथंच उभा होतो बे. तुह्या एका शब्दावर म्या गाड्या वापस आनल्या. तुहा शब्द तूच मोडला, अन् बयताड मी ठरलो. तू एकडाव म्हनला असता, का खरं हाय, पेपरात हाय, तं मी तुह्या बाजूनं उभा राह्यलो असतो. कापूस सडला तरी."

"नोकरी जाईन असं वाटलं."

"हाव. मले समजलं होतं ते."

"मंग?"

"मंग तू येऊन सांगाले पाह्यजे होतं. पंधरा वर्स लागले तुले?"

पंधरा वर्षं कडूबाला वाटत होतं की पुरावा मिळाला की सगळं सुटेल. पुराव्याचे कागद त्याच्या मांडीवर होते आणि समोरच्या माणसाला त्यांची गरजच नव्हती. त्यानं कागदांची घडी घातली.

"चुकलं माहं," तो म्हणाला.

भगवंतरावांनी मान हलवली. क्षमा केली की नुसतं ऐकलं, ते काही कळलं नाही. आतून गोजरबाईचा आवाज आला, "आता बस करा ते. दोघायच्या भाकरी टाकल्या म्या."

जेवताना गोजरबाईनं न विचारता कडूबाच्या ताटात दुसऱ्यांदा भाजी वाढली आणि मग त्याच्या समोरच बसली. तो किती वाळला आहे, टोपीखाली केस उरलेत की नाही, सगळं पाहत.

हात धुताना भगवंतराव म्हणाले, "दुसऱ्या कागदावर काय हाय?"

"नांगरनाऱ्यायचं हाय. पैसे मालकायले भेटले. बटईवाल्यायच्या हाती काई लागलं नाई, कितीकायले तं खोपट्यातून काढून देल्लं." कडूबानं कागद उलगडला. "अन् एक हाय. तिथं खच्चरं जुपतात नांगराले. त्यायले लहानपनापासून शिकवेल असते का कपाशीच्या ओळीवर पाय द्याचा नाई. तं ते ओळीवरून चालाले तयारच होयेना. जागीच उभे राहत."

भगवंतरावांनी हात पुसता पुसता त्याच्याकडे पाहिलं. "हे लिवलं हाय?"

"हाव. शिक्का हाय."

"शिक्क्याचं मरू दे. चाल माह्यासंग."

शेत गावाला लागूनच होतं. कपाशी गुडघ्याएवढी झाली होती आणि सालदार तण काढायला डवरा हाकत होता. तोंडाला मुसकी बांधलेली जोडी दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यातून खाली मान घालून येत होती. भगवंतरावांनी सालदाराला बांधावर थांबवलं, डवरा सोडायला लावला आणि थोरल्या बैलाचा कासरा स्वतः धरला. त्यांनी बैलाला वळवून ओळीसमोर उभं केलं आणि कासरा ओढला.

बैल एक पाऊल पुढे आला आणि झाडाशी थांबला.

"चाल," भगवंतराव म्हणाले. पुन्हा ओढलं. बैलानं मान लांब केली, पाय आखडले, नाकातून जोरात हवा सोडली. त्यानं पुढचा पाय उचलला, हवेत धरला आणि बाजूच्या मोकळ्या मातीत ठेवला. भगवंतरावांनी त्याला पुन्हा सरळ केलं, पुन्हा तसंच झालं. बांधावरचा सालदार म्हातारा काय करतो आहे ते न कळून नुसता पाहत होता.

भगवंतरावांनी कासरा सैल सोडला. बैलाच्या मानेवर त्यांनी हात ठेवला.

"मंग कसं चालवलं असीन त्यायनं खच्चरायले?" त्यांनी विचारलं.

कडूबानं कागदाकडे पाहिलं नाही. तेवढं त्यात लिहिलेलं नव्हतं.

"मारून," तो म्हणाला.