नारळाच्या मेंदूचा फोटो

मासळी बाजारामागच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी कुणाचं लग्न नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी जिथे नवरा-नवरी बसतात तिथे एक खुर्ची होती, खुर्चीवर एक बाप्या आणि बाप्याच्या डोक्यावर चकचकीत हेल्मेट. हेल्मेटातून निघालेली जाड वायर टेबलावरच्या निळ्या मखमलीखाली शिरली होती. मागच्या पडद्यावर एक मेंदू गरगर फिरत होता, चांगला फणसाएवढा. त्याच्या मधोमध लाल डाग.

"बघा! बाटली यांच्या हातात नाही, मेंदूत आहे!" शिबीर भरवणारे तेजोमय सर माइकवर ओरडले. "दिसली?"

सगळ्यांना दिसली. त्या बाप्याच्या बायकोने पहिल्या रांगेत बसल्या बसल्या पदर तोंडावर ओढून घेतला.

हेल्मेट घुं घुं करू लागलं. लाल डाग नारिंगी झाला, मग पिवळा झाला, आणि शेवटी अख्खा मेंदू दिवाळीनंतरच्या समुद्रासारखा निळाशार झाला. टाळ्या पडल्या. बाप्या उठला आणि दारू सुटल्याच्या आनंदात पाय घसरून खुर्चीवर आपटला. तोंडाचा वास तीन रांगांपर्यंत आला.

इझाबेल टीचर मागच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी गावातल्या पोरांना विज्ञान शिकवलं होतं. हे सर भगवं घालणारे नव्हते. अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. मेंदूला स्टेथोस्कोप कुठे लावतात, हे विचारण्याचा उद्धटपणा अजून कुणी केला नव्हता. शिबिराची सुरुवात तर सर असे करत: "अंधश्रद्धा सोडा! बुवाबाबांच्या नादी लागू नका! फक्त विज्ञानावर विश्वास ठेवा!" टीचर हेच वाक्य तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून बोलत आल्या होत्या. आपलंच वाक्य या माणसाच्या तोंडी ऐकणं म्हणजे धुतलेलं ताट कुणीतरी गटारात बुडवून परत आणून द्यावं, तसं.

त्या आल्या होत्या सुदेशसाठी.

सुदेश म्हणजे मासळी विकणाऱ्या पार्वतीचा एकुलता एक झील. दोन वर्षांपूर्वी त्याने होडीवर जाणं सोडलं. बंद रेडिओ आपल्याला शिव्या घालतो, समुद्र नाव घेऊन हाक मारतो, असं म्हणू लागला. पार्वती देवाला कौल लावायला निघाली होती. टीचरने दोघांना रिक्षात घालून सरकारी इस्पितळात डॉक्टर जानकीकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. पावसाळा सरेपर्यंत सुदेश पुन्हा जाळं ओढत होता आणि आईशी मिठावरून भांडतही होता.

मग महिनाभरापूर्वी हे शिबीर आलं. सरांनी सुदेशच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि भर सभेत जाहीर केलं, "भयकेंद्र सडलंय! आणि हा लाल रंग कशाचा? गोळ्यांचा!" घरी जाऊन पार्वतीने गोळ्या खाडीत फेकल्या. आता सुदेश भिंतीकडे तोंड करून पडून असे. कानांवर हात. जेवणाचं ताट तसंच परत येई.

टीचरने तिच्या चुलीपुढे बसून विनवण्या केल्या.

"टीचर, गोळयेन रोग दबता," पार्वती म्हणाली. "फोटोत तो सरळ दिसता. मी माझ्या डोळ्यांनी बघलंय."

भिंतीवर दोन फोटो लटकत होते, एक्स-रेसारख्या पारदर्शक फिल्मवर छापलेले. एक सुदेशचा, एक तिचा स्वतःचा.

"गुडघो दुखता तुझो आणि फोटो डोक्याचो?"

"दुखणां मेंदूक कळता म्हणान सांगल्यानी."

ही गोष्ट खरीच होती, आणि टीचरला त्याचीच जास्त किळस आली. माणूस शंभर टक्के खोटं बोलला तर पकडता तरी येतं. याने खऱ्याचा नारळ घेऊन त्यात नासकं पाणी भरलं होतं.

त्यांनी दोन्ही फिल्म खिडकीपाशी नेल्या आणि एकीवर दुसरी धरली. कडेला कड जुळली. वळणावर वळण बसलं. डाव्या बाजूची बारीकशी खाचसुद्धा खाचेवर पडली. हलला होता तो फक्त लाल डाग.

"बघ, पार्वती! दोन्ही मेंदू एकच!"

पार्वतीने पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "मायलेकरांचो मेंदू सारखोच असतलो, टीचर. नाक नाय सारखा?"

टीचरने दोन्ही फिल्म पुन्हा भिंतीवर लटकवल्या. विज्ञानाच्या पुस्तकात नाकाचा हा धडा नव्हता.

आज सुदेशचा दुसरा फोटो निघायचा होता. तो निळा आला की गोळ्या कायमच्या बंद, असं सर म्हणाले होते. पार्वती कार्यालयात आली, पण एकटीच. टोपलीत नारळ.

लॅपटॉपवर बसलेला सरांचा मदतनीस निलेश तिला अडवू लागला. "काकी, पेशंट आणा. नारळाला खुर्ची नाही."

"पेशंट घरातसून उठना नाय. तेच्या डोक्याक लावन नारळ आणलंय. देव नारळ घेता, तुझ्या मशिनीक काय जड?"

"घे रे, नारळच तो!" मागून कुणीतरी ओरडलं.

पार्वतीने कुणाची वाट पाहिली नाही. नारळ खुर्चीवर ठेवला, हात जोडले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्यो जो नारळ ठेवलो हा, तो माझ्या झिलाच्या नावान ठेवलो हा. तेच्या डोक्यात जी काय इडापीडा आसा, ती दूर कर आणि तेका परत होडयेर जाऊ दे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं कार्यालय एका सुरात गरजलं. सवयच ती. टीचर ख्रिश्चन, पण त्यांच्याही तोंडून "व्हय" निघून गेलं.

सरांनी गर्दीकडे पाहिलं. गर्दी हातची जाऊ देणारा धंदेवाईक तो नव्हे. "आई," त्यांनी दोन बोटांनी पार्वतीचा हात धरला, "नारळात तुमच्या मुलाचे तरंग उतरले आहेत. विज्ञान याला लहरी म्हणतं." मग हात सोडला आणि मासळीचा वास जावा म्हणून कोटाच्या खिशातलं सॅनिटायझर चोळलं.

हेल्मेट नारळावर चढलं. खालून शेंडी बाहेर डोकावत होती. पडद्यावर मेंदू उगवला. लाल डाग आला. घुं घुं झालं. नारिंगी, पिवळा, निळा.

"सुदेश मुक्त!" सर गरजले. "गोळ्या कायमच्या बंद!"

पार्वती रडत खाली बसली. लोक टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांत टीचरला भिंतीकडे तोंड करून पडलेली एक पाठ दिसत होती.

त्या उठल्या. "सर, एक शंका आहे." आवाज वर्गातला होता. चाळिशीची माणसंसुद्धा ताठ बसली.

"विचारा, ताई. विज्ञान शंकेला घाबरत नाही."

टीचर स्टेजवर चढल्या, हेल्मेट उचललं आणि नारळ काढून पार्वतीच्या हातात दिला. हेल्मेटच्या आतल्या स्पंजाला शंभर डोक्यांच्या तेलाचा आणि घामाचा आंबूस वास येत होता. रिकामं हेल्मेट त्यांनी खुर्चीवर ठेवलं.

पडद्यावरचा मेंदू फिरतच होता. निळा संपला आणि तो पहिल्यापासून सुरू झाला. लाल डाग. नारिंगी.

"आता हा कुणाचा?" टीचरने विचारलं. "खुर्चीचा?"

निलेश लॅपटॉपवर झेपावला, पण तोवर खुर्चीसुद्धा बरी झाली होती.

"ज्यांच्याकडे फोटो आहेत, त्यांनी वर आणा."

 आधी मच्छीमार सोसायटीचा चेअरमन सहदेव उठला. त्याच्या पाठोपाठ त्याच्याविरुद्ध निवडणूक लढवलेला जेरी उठला. टीचरने दोघांच्या फिल्म एकमेकींवर ठेवून ट्यूबलाइटसमोर धरल्या. मग तिसरी, चौथी. सगळ्यांची कड एक, वळणं एक, डाव्या बाजूची खाचही एक.

"पार्वती, मायलेकरांचो सारखो असता म्हणालंस मां? आता ह्यो सहदेवाचो आणि ह्यो जेरीचो."

सभागृहात पहिलं हसू फुटलं. त्या दोघांचं आजवर बंदरावरच्या दिव्याच्या रंगावरही एकमत झालं नव्हतं.

"माका ह्याचो मेंदू?" जेरी किंचाळला. "वेळ पडल्यार मी बिनमेंदवाचो रवान!"

कुणीतरी मखमल उचलली. हेल्मेटची वायर लॅपटॉपपर्यंत गेलीच नव्हती. ती टेबलाच्या पायाला बांधून ठेवली होती. गाठ मात्र पक्की होती.

"नकारात्मक ऊर्जेमुळे..." सर सुरू झाले.

पार्वती उठली. तिने टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावर नारळ आपटला. पाणी मखमलीवर आणि सरांच्या कोटावर उडालं. दोन्ही वाट्या तिने सरांच्या नाकासमोर धरल्या.

"ह्या खोबरा. माझ्या झिलाचो मेंदू खंय आसा, सर?"

सर मागच्या दाराने निघाले, पण मागचं दार मासळी बाजारात उघडतं. पोलीस येईपर्यंत त्यांना तिथल्या बायकांच्या मधोमध एका उलट्या टोपलीवर बसावं लागलं. सॅनिटायझर पुरलं नाही. खोबरं पार्वतीने घरी नेलं आणि बांगड्याच्या कढीला वाटलं. "वाया कित्याक घालवू?"

दुसऱ्या दिवशी सुदेशला इस्पितळात नेलं. तो खुर्चीवर कानांवर हात ठेवून बसला. पार्वतीने भीतभीत विचारलं, "डॉक्टर, तुमी फोटो काढूक नाय?"

"मेंदूची चित्रं काढणारी यंत्रं खरी आहेत हो," डॉक्टर जानकी म्हणाली. "पण ती खोलीएवढी असतात, टेम्पोत बसत नाहीत. गाठ आहे का, रक्तस्राव आहे का, हे त्यांतून कळतं. दारू, भास, जुनी दुखणी यांवरही अभ्यास चालतात. शेकडो आजारी आणि शेकडो धडधाकट माणसं घेतात, दोन्हीकडची सरासरी काढतात, मग थोडा फरक दिसतो. रंगसुद्धा संगणक भरतो. पण एकट्या माणसाच्या चित्रावरून सांगता येत नाही. आता समजा, देवगडच्या बांगड्यांची सरासरी लांबी मालवणच्यांपेक्षा बोटभर जास्त निघाली. तुमच्या हातात एकच बांगडा दिला तर तो कुठला, सांगाल?"

पार्वतीने जन्मभर बांगडे विकले होते. "तां त्या बांगड्याकच ठावक."

"म्हणून मी त्यालाच विचारते." डॉक्टरने खुर्ची ओढून सुदेशच्या समोर घेतली. "सुदेश, काय होतंय?"

सुदेशने आधी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. मग त्याने एका कानावरचा हात काढला.

"पंखो बोलता," तो हळूच म्हणाला.

"काय बोलतो?"

आणि तो सांगू लागला. भर सभेत त्याच्या डोक्याचा फणस फिरवणाऱ्या माणसाने त्याला हा एक प्रश्न विचारला नव्हता. आणि गावाने, आईने, टीचरनेसुद्धा, या महिन्यात त्याला गोळी घे, जेव, ऊठ एवढंच सांगितलं होतं. हे लक्षात आलं तेव्हा टीचरने नजर खिडकीबाहेर वळवली.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे, हळूहळू. पार्वती आता त्या मिठाच्या बरणीशेजारी ठेवते, म्हणजे विसरायला नको.

तेव्हा मंडळी, उद्या तुमच्या गावात कुणी पांढरा कोट घालून रंगीत मेंदू घेऊन आला, तर त्याला शिव्या घालू नका. विज्ञान म्हणजे फोटो नव्हे, पडताळा. शेजाऱ्याच्या फोटोवर आपला ठेवून उजेडासमोर धरा. डॉक्टरने सांगितलेली गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. आणि जाताना सोबत एक नारळ न्या. पडताळा झाला की कढीला उपयोगी पडतो.