न घासलेले पाच येन

विषय : पाच येनचे एक नाणे (पितळी, मधोमध भोक, न घासलेले) याचे आत्मवृत्त सादर करण्याबाबत.

संदर्भ : खलाशी अद्नान, राहणार दाभोळ, याचे सामान परत मिळण्याबाबतचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून मी स्वतःच बोलतो आहे. नाण्याने अशा भाषेत बोलावे याचे नवल करू नये. रत्नागिरीत मी ज्या घरी मुक्कामाला होतो, तिथले सदूभाऊ सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या घरचे मांजरसुद्धा दुधासाठी स्मरणपत्र दिल्यासारखे ओरडते.

माझा जन्म ओसाकाच्या टांकसाळीतला. माझ्या एका अंगावर भाताची लोंबी आहे, तिच्याखाली पाण्याच्या रेघा, भोकाभोवती चक्राचे दाते. किंमत लिहिलेली आहे, पण जपानी अक्षरांत. आकडा नाही. परदेशी माणूस मला उलटा करतो, सुलटा करतो आणि शेवटी भोकातून पलीकडे बघतो. जपानात माझ्या एकट्याने काही विकत घेता येत नाही, म्हणून लोक मला देवळातल्या पेटीत टाकतात. देवाला काय द्यावे हे माणसांनी सगळीकडे एकाच धोरणाने ठरवलेले दिसते.

देवळात जायचा तो मी एका बंदरातल्या दुकानातून सुटे म्हणून अद्नानच्या हाती आलो. अद्नान मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला. त्याच्या नखांत तेल कायमचे राहायला आलेले. त्याने मला अंगठ्याने चोळून पाहिले आणि केळशीच्या सर्वेशपुढे धरले. सर्वेश त्याच जहाजावर होता. त्याचा करार संपला होता आणि तो घरी निघाला होता.

"सर्वेश, सदूकाकांना ह्या दे. सांग, ह्याच्यावर आकडाच नाय. घासून घासून निघतो काय बघा म्हणावं!"

"घासतील रे. तुझे काका मलाही घासून आत घेतील."

"काकींच्या हातचा चहा पिऊन ये. आणि आयेला सांग, जेवतो मी बरोबर."

दोघे हसले. मग अद्नानने मला चॉकलेटच्या चांदीच्या कागदात गुंडाळून सर्वेशच्या खिशात घातले. त्याच्या हाताशी माझा संबंध एवढाच. तो शेवटचा ठरेल असे त्या वेळी कोणालाच वाटले नाही. मला तर काहीच वाटले नाही. मी धातू आहे.

अद्नानचे आणि सदूभाऊंचे नाते कागदाचे. पहिल्यांदा जहाजावर जाताना त्याचे कागद कुठेतरी अडले होते. सदूभाऊंनी अर्ज लिहून ते सोडवले आणि त्याला सांगितले, "मला काही नको. जाशील तिथले एक नाणे आण." पोराने शब्द पाळला. सदूभाऊंच्या आल्बममध्ये जगाच्या कानाकोपऱ्यातली नाणी प्लास्टिकच्या खणांत बसली आहेत. कातरलेल्या कडेचे हाँगकाँगचे, पाणपक्ष्याचे कॅनडाचे, शिडाच्या गलबताचे कुवेतचे. सदूभाऊ स्वतः कोल्हापूरच्या पलीकडे गेलेले नाहीत. पण कोणी टांझानियाचे नाव काढले की असे मान डोलावतात, जणू तिथे त्यांची बदली होता होता राहिली.

त्यांचा एक रिवाज होता. रविवारी सकाळी सगुणाकाकी देव घासायला बसत. एका वाडग्यात आमसुले भिजत घातलेली, बाजूला राख. बाळकृष्ण, घंटा, निरांजन झाले की त्याच पाण्यात सदूभाऊ आपली नाणी सोडत. मग जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून उजेडात धरत.

एकदा कोल्हापूरचे एक नाणेसंग्राहक आल्बम पाहायला आले आणि कपाळाला हात लावून बसले. "अहो, हे काय केलंत? नाणं कधी घासायचं नसतं! त्याच्यावरचा काळेपणा म्हणजेच त्याचं वय. तुम्ही सगळ्यांची कातडी सोललीत."

"आमच्याकडे देवसुद्धा घासतात," सदूभाऊ म्हणाले. "तुमची नाणी काय देवापेक्षा मोठी लागून गेली?"

पाहुणे चहा न घेता गेले. सगुणाकाकी म्हणाल्या, "साखर वाचली."

मी त्या घरी पोचलो शनिवारी संध्याकाळी. सदूभाऊंनी चांदी उलगडली, माझ्याकडे पाहून तोंड वाकडे केले आणि म्हणाले, "उद्या आंघोळ." सकाळी आमसुले भिजली, देव झाले. मला उचलायला त्यांनी हात पुढे केला आणि फोन वाजला. दाभोळहून अद्नानची आई, कनीजबी, बोलत होती.

कंपनीने कळवले होते की अद्नान सकाळच्या पाळीला "जहाजावर आढळून आला नाही." जहाज भर समुद्रात होते. शोध घेतला, मागे फिरून पाहिले, पुढे निघाले. सदूभाऊंनी ते वाक्य कनीजबीकडून दोनदा म्हणून घेतले. अशी वाक्ये त्यांनी जन्मभर लिहिली होती. आपल्याला कोणी लिहील हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

वाडग्यातले पाणी वाळून गेले. मी चांदीच्या कागदासकट कपाटात गेलो. पुढचे कित्येक रविवार देव घासले गेले, नाणी नाही.

मग एक दिवस कनीजबी आली. दाभोळहून फेरीबोट, मग एसटी बदलत बदलत दुपारी पोचली. सदूभाऊंनी कागद तयार ठेवले होते. भरपाईचा अर्ज आणि त्याला जोडायच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा.

"ह्याच्यात काय लिवलाय?" तिने विचारले.

"तो गेला असं समजून वारसाला रक्कम द्यावी, असं."

"गेला असा मी सही करून देऊ?"

सदूभाऊंनी पेनाचे टोपण लावले. तिने कागद नीट जुळवले आणि त्यांच्याकडे सरकवले.

"भाऊ, मना पैशे नको. त्याची बॅग हाय जहाजावर. कपडे हायत. त्याचा सामान तेवढा मागवा. घरात त्याच्या हाताचा काय पन नाय. कपडे मी पेटीत घालायच्या आधीच धुतलेले."

सदूभाऊंनी नवा कागद घेतला. लिहिता लिहिता त्यांना एकदम सुचले. ते उठून आल्बम घेऊन आले आणि तिच्यापुढे ठेवला. "हे सगळं त्यानेच आणलंय. काय पाहिजे ते घ्या. सगळंच घ्या." हे बोलताना त्यांचा हात आल्बमवरून उचलला जात नव्हता, तो सगुणाकाकींनी उचलला.

कनीजबीने एकेक नाणे बाहेर काढले. कुवेतच्या गलबतावरून बोट फिरवले. नाकाशी धरले. हाँगकाँगचे धरले, कॅनडाचे धरले. पानामागून पान उलटले. मग आल्बम मिटला.

"भाऊ," ती म्हणाली, "ह्या सगळ्याला तुमच्या देवघराचा वास येतो."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कोल्हापूरच्या पाहुण्यांना सदूभाऊंनी ताबडतोब उत्तर दिले होते. आता त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. पुसण्याची सवय जात नाही.

सगुणाकाकी आत गेल्या आणि मला घेऊन आल्या. "ह्याला यांचा हात लागायचा राहिला," त्या म्हणाल्या. "बघा बरं."

चांदी उलगडली. मी काळपट, चिकट, कडेला हिरवा. कनीजबीने मला नाकाशी नेले आणि बराच वेळ खाली घेतले नाही.

"इंजिनाचा तेल," ती म्हणाली. "ह्या त्याचाच. सुट्टीवर आला की उशीला हाच वास. मी भांडायची, साबू लाव म्हनून." मग तिने माझ्याकडे पाहिले. "आनि ही भाताची लोंबी काय?"

"लोंबीच," सदूभाऊ म्हणाले. "किंमत मात्र वाचता येत नाही."

"नाय तर नाय."

त्यांनी मला पुन्हा तसेच गुंडाळून दिले. जपानच्या खणात एक चिठ्ठी ठेवली : "तात्पुरते बाहेर." सामान आले की नाणे परत, असे त्यात अभिप्रेत आहे. पण ते कोणी मोठ्याने बोलले नाही.

हल्ली मी दाभोळला असतो. कनीजबी मला अत्तराच्या जुन्या पेटीत ठेवायला निघाली होती, मग अत्तराचा वास लागेल म्हणून झाकणाच्या स्टीलच्या डबीत ठेवले. सुरुवातीला डबी रोज उघडायची. आता तशी उघडत नाही. उघडली की वास थोडा उडतो, हे तिच्या लक्षात आले आहे, म्हणून ती तो पुरवून पुरवून वापरते. पुढेमागे माझ्याजवळ नुसता पितळेचा वास उरेल. तो तिला कळेल. आत्ता माझी हिरवी कड वाढते आहे आणि मला कोणी पुसत नाही. नाण्याला याहून चांगले दिवस येत नाहीत, असे कोल्हापूरचे पाहुणे म्हणाले असते.

सदूभाऊंनी नाणी घासणे बंद केले आहे. आल्बम हळूहळू काळा पडतो आहे. देव मात्र झळझळीत आहेत.

अर्ज त्याच दिवशी टपालात पडला, कंपनीच्या मुंबई कार्यालयाला, प्रत सरकारी जहाज खात्याला. टाइप केलेल्या मजकुराखाली सदूभाऊंनी हाताने एक ओळ वाढवली. सगळ्या नोकरीत त्यांनी अर्जात अशी ओळ कधी वाढवली नव्हती, कोणाला वाढवू दिली नव्हती. "सामान आहे त्या स्थितीत द्यावे. कपडे धुऊ नयेत, ही विनंती."

कंपनीचे उत्तर आले : आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे. संबंधित विभागाने कळवले की जहाज सध्या दुसऱ्या मार्गावर आहे. सदूभाऊंनी स्मरणपत्र पाठवले. त्यानंतर आणखी एक पाठवले.

अर्ज प्रलंबित आहे.