फाट्याच्या अलीकडे

“शून्य,” गौरांगने तिसऱ्यांदा सांगितले. “आजी, मी तरी काय करू? नवेगाव फाट्याचा आकडा शून्य आलाय.”

“आजी असन तुह्या घरी,” बायजाबाई म्हणाली. “रोज चाळीस-पंचेचाळीस जनी चढतो आमी तिथून. आंधया मानसानं मोजलं का?”

सभागृहात हशा पिकला. मी लिहिले, ‘आकडेवारीबाबत आक्षेप घेण्यात आला.’ महापालिकेच्या सचिव विभागात सव्वीस वर्षे मी हेच करते आहे. माणसे भांडतात, रडतात, टेबलावर हात आपटतात आणि मी ते सगळे एका ओळीत बसवते. त्याला इतिवृत्त म्हणतात. ते कोणी वाचत नाही, पण पुढेमागे काही वाद झालाच तर तेवढेच खरे मानले जाते.

त्या दिवशी शहराच्या वीस वर्षांच्या वाहतूक आराखड्यावर सुनावणी होती. सहाशे चाळीस पाने आणि वर नकाशे. अठ्ठावीस तारखेला तो महासभेपुढे जायचा होता. त्याआधी लोकांच्या हरकती ऐकून घ्यायच्या, असा नियम आहे. आणि नियम म्हणून आम्ही ऐकतो. गौरांग हा आराखडा करणाऱ्या सल्लागार कंपनीचा इंजिनिअर. पुण्याचा, चांगल्या वळणाचा, दर दोन वाक्यांमागे सॉरी म्हणणारा. त्याच्या नकाशात कोराडीकडून येणारी बस नवेगाव फाट्याला न वळता नव्या रस्त्याने सरळ शहरात यायची. नऊ मिनिटे वाचत होती. फाट्यावर कोणी चढतच नाही, तर तिकडे गाडी न्यायचीच कशाला?

“आमचा माणूस तीन दिवस, सकाळी सहा ते अकरा, थांब्याच्या शेडमध्ये बसला होता,” गौरांग म्हणाला. “बस थांबलीसुद्धा नाही. सॉरी, पण तिकीट मशीनमध्येही तेच दिसतंय.”

परिवहन समितीचे सभापती रुपरावजी तंबाखूचा खर्रा सोडल्यापासून सतत बडीशेप चघळतात. त्यांनी डबी बंद केली. “बाई, तुम्ही म्हन्ता चाळीस चढतात. मशीन म्हन्ते कोनीच नाही. मंग मशीन काहून खोटं बोलन?”

बायजाबाईने तोंड उघडले आणि मिटले. एवढी फटकळ बाई, पण गप्प बसली. तिच्यासोबत वस्तीतल्या अकरा बायका आल्या होत्या. शहरातल्या दवाखान्यांत झाडूपोछा करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, सगळ्या त्या दिवशी खाडा करून आलेल्या. त्याही एकमेकींकडे बघून गप्प. माझ्या लक्षात आले, यांना काहीतरी माहीत आहे आणि ते सांगायचे नाही असे घरूनच ठरवून आल्या आहेत.

“पुढची हरकत घ्या,” रुपरावजी म्हणाले.

“थांबा साहेब.”

मागच्या रांगेतून एक खाकी शर्टवाला उठला. उंच, हाडकुळा, कानशिलावर पांढरे केस. बायजाबाई गर्रकन वळून त्याला म्हणाली, “बस खाली, नागसेन. तुले काय बोललो होतो आपन?”

तो बसला नाही. पुढे आला, माइकपासून वीतभर लांब उभा राहिला आणि आपले नाव सांगितले. नागसेन खोब्रागडे, सिटी बसचा ड्रायव्हर, याच मार्गावर एकोणीस वर्षे.

“बाया खरं बोलून राहिल्या साहेब. अन् ह्या साहेबाचा मानूसही खरं बोलून राहिला. गाडी शेडमंदी थांबतच नाही. मी फाट्याच्या अलीकडं थांबवतो, वस्तीच्या तोंडाशी. दोनशे पावलं अलीकडं.”

“काहून?”

“शेड फाट्याच्या पलीकडं हाये अन् वस्ती अलीकडं. मधातून पावर प्लांटच्या राखेच्या ट्रकचा रस्ता जाते.” त्याने एकदा बायजाबाईकडे पाहिले. “नऊ वर्षं झाले. पहिली गाडी होती. मी शेडमंदी उभा होतो. एक पोरगी धावत आली. मले पाहूनच धावली न थे, गाडी सुटन म्हनून. तेवढ्यात ट्रक वळला. पाय गेला पोरीचा. दुसऱ्या दिवसापासून मी अलीकडंच थांबवून राहिलो. माह्यं पाहून बाकीचे ड्रायव्हरही थांबवाले लागले.”

बायजाबाई खाली फरशीकडे बघत होती. ती पोरगी तिची नात, हे मला शेजारच्या बाईने हळूच सांगितले.

“पण तिकिटं?” गौरांगने विचारले. त्याचा आवाज आता बदलला होता.

“मशीनमंदी थांब्याचं नाव शेडपाशी आल्यावर बदलवते कंडक्टर. अलीकडं फाडलं तर मागच्याच थांब्याच्या नावावर पडते, कॉलनी गेटच्या. पैसे तेवढेच लागते, म्हनून कोनी पाहत नाही.”

गौरांग भराभर पाने उलटू लागला. “कॉलनी गेट! तिथे एवढे प्रवासी कसे, म्हणून आम्ही मोठा थांबा सुचवलाय. बाकं, पंखे, डिजिटल बोर्ड...”

“तिथं कुत्रं चढत नाही, साहेब,” नागसेन म्हणाला. “कॉलनीवाल्यांपाशी आपापल्या गाड्या हायेत.”

यावेळी कोणी हसले नाही. मला मात्र हसू येत होते. एका माणसाने नऊ वर्षे भलेपणा केला आणि त्या भलेपणानेच अख्खी वस्ती कागदावरून पुसली गेली. बरे, दोष तरी कुणाला द्यायचा?

रुपरावजी राजकारणी असले तरी वाईट माणूस नाहीत. ते पुढे वाकून हलक्या आवाजात म्हणाले, “खोब्रागडे, मंजूर थांबा सोडून गाडी लावनं म्हंजे काय होते, माहीत हाये न? बसचा कंत्राटदार सोडन का तुमाले? रिटायर कवा होता?”

“चार महिने रायले जी.”

“प्रेमलताबाई,” रुपरावजी माझ्याकडे वळले, “याचं नाव नका टाकू. वस्तीतल्या लोकांनी सांगितलं, एवढंच लिवा.”

मी आनंदाने पेन थांबवले. पण गौरांगने हात वर केला. त्याचा चेहरा पडला होता. “सॉरी सर. वस्तीच्या नुसत्या सांगण्यावरून फेरमोजणी घेता येत नाही. तसं सगळेच सांगतात. ड्रायव्हरचा नावानिशी जबाब रेकॉर्डवर असेल तर मी उद्याच माणूस पाठवतो. नसेल तर आराखडा आहे तसाच जाईल.”

सगळे माझ्याकडे बघू लागले, जणू मीच काही ठरवणार होते.

“लिवा ताई,” नागसेन म्हणाला. “नाव पुरं लिवा.”

सुनावणी संपल्यावर तो सही करायला माझ्या टेबलापाशी आला. तेव्हा मला कळले की त्याची निवृत्ती नुसती निवृत्ती नव्हती. डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवायला कंत्राटदार एक जुना माणूस घेणार होता आणि नागसेनचे नाव ठरल्यासारखेच होते. अट एकच, नोंद कोरी हवी. एकोणीस वर्षांत त्याच्या नोंदीत एक तक्रार नव्हती, गाडीला एक ओरखडा नव्हता. हे सांगताना तो पहिल्यांदाच जरा ताठ झाला.

“माह्याजवळ चार पोरं शिकले तं चार गाड्या नीट चालन. तेवढंच वाटे. घरी बसून काय करीन मी?”

मी जबाब पुढे सरकवला. त्याने खिशातून चष्मा काढला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. मी मनाशी देवाचे नाव घेत होते, कारण मी एक लबाडी केली होती. ‘काही वेळा गाडी फाट्याच्या अलीकडे थांबवली’ असे लिहिले होते. काही वेळा म्हटले की गुन्हा किरकोळ होतो, चूक म्हणून सुटतो. सव्वीस वर्षांत एवढे तर मी शिकले आहे.

त्याचे बोट नेमके तिथेच थांबले.

“काही वेळा नाही ताई. रोज.”

“राहू द्या न भाऊ. तेवढ्यानं काय बिघडते? तुमचंच भलं हाये त्यात.” मीही त्याच्याच बोलीत आले होते.

“काही वेळा लिवलं तं शेडमंदी एक तरी मानूस दिसाले पाह्यजे होता न. तुमचा हा साहेब हुशार हाये. तो म्हनन, मंग शून्य कसा?” त्याने चष्मा पुसला. “रोज लिवा. नऊ वर्षं, रोज.”

त्याचे बरोबर होते. मला त्याचा राग आला, खरेच आला. एवढे बरोबर असायची काय गरज होती? मी ‘काही वेळा’ खोडले, वर ‘रोज’ लिहिले आणि खाडाखोडीशेजारी आम्ही दोघांनी सह्या केल्या.

पुढचे सगळे शिस्तीत झाले. दोन दिवसांत डेपोत फलक लागला: यापुढे गाडी मंजूर थांब्यावरच थांबेल, इतरत्र थांबवणाऱ्यावर कारवाई होईल. तिसऱ्या दिवशी नागसेनला कामावरून दूर केल्याचे पत्र मिळाले. शिकवायला माणूस दुसरा बघितला. गौरांगने फेरमोजणी केली आणि स्वतः येऊन मला आकडा सांगितला, त्रेचाळीस. आता गाड्या शेडमध्येच थांबत होत्या, म्हणून बायका राखेच्या ट्रकचा रस्ता ओलांडून शेडपर्यंत येत होत्या, म्हणून त्या मोजल्या जात होत्या. फलकानेच आकडा वर आणला, असे म्हणायला हरकत नाही. मी त्याला चहा पाजला. त्याने तो सॉरी न म्हणता प्यायला.

अठ्ठावीसला महासभा झाली. एका चौकाला कोणाचे नाव द्यायचे यावर दोन तास वीस मिनिटे गेली, दोन सदस्य एकमेकांच्या अंगावर धावून गेले, पाण्याचा एक ग्लास फुटला. मग वाहतूक आराखडा आला. अध्यक्षांनी विषय क्रमांक वाचला, रुपरावजी उठून म्हणाले, “दुरुस्त्यांसह मंजूर करावा,” मागून कोणीतरी “मंजूर, मंजूर” ओरडले आणि जेवणाची सुट्टी झाली. वीस वर्षांचे शहर सहा मिनिटांत ठरले. दुरुस्त्यांच्या यादीत नववी ओळ आमची होती: नवेगाव फाटा थांबा कायम ठेवणे, शेड फाट्याच्या अलीकडे, वस्तीलगत स्थलांतरित करणे. मी ती ओळ टंकलेखनासाठी देताना दोनदा तपासली. असे मी सहसा करत नाही.

ठरावाची प्रत नागसेनला स्वतः नेऊन द्यावी असे मनात होते. त्याच्या घराचा पत्ता जबाबावर होता, वस्तीतलाच. म्हणजे तोही तिथलाच राहणारा, हे मी जबाब लिहूनसुद्धा लक्षात घेतले नव्हते. सोमवारी सकाळी स्कूटी काढली आणि साडेसहाला फाट्यावर पोहोचले. घरी जावेच लागले नाही. तो रस्त्यावरच होता.

राखेच्या ट्रकचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे तो कडेला उभा होता. अंगात खाकी नव्हती. घरचा चौकड्याचा शर्ट, पायात चपला, डोक्याला टॉवेल. पापण्यांवर राख बसली होती. मला बघून तो लाजल्यासारखा झाला.

“ताई? तुमी एवढ्या सकायी?”

“मंजूर झालं, भाऊ,” मी म्हणाले. “थांबा राहिला. शेडही इकडं येनार, अलीकडं.” आणि प्रत त्याच्या हातात दिली.

त्याने तिथेच चष्मा लावला आणि बोट ठेवून नववी ओळ वाचली. दोनदा वाचली. चेहऱ्यावर हसू आले, पण आवाज साधाच होता. “चांगलं झालं. कवा येनार शेड?”

हे तो विचारणार, हे मला निघतानाच माहीत होते. “दुसऱ्या टप्प्यात.”

“म्हंजे?”

“सहा वर्षं.”

एक ट्रक धुरळा उडवत गेला, आम्ही दोघांनी तोंडाला कापड लावले. सहा वर्षे म्हणजे किती सकाळी, हे मी मोजायला गेले नाही. मला स्वतःचीच लाज वाटत होती. सहा मिनिटांच्या कामाला सहा वर्षे लावणारी मी नव्हते, पण कागदावर सही माझीही होती.

“मंग तवरीक मी हाओच,” नागसेन म्हणाला. “तसाही घरी बसून काय करीन मी?”

वस्तीच्या तोंडाशी बायका जमू लागल्या होत्या. डबे, पिशव्या, एक-दोघींच्या कडेवर लेकरे. सगळ्यांच्या पुढे बायजाबाई, आणि तिच्या शेजारी कुबडी घेतलेली एक तरुण मुलगी कॉलेजच्या दप्तरासह. लांबून पहिली बस येताना दिसली. बायजाबाई ओरडली, “नागसेन, आली वं गाडी, लवकर!” म्हणजे ‘वं’ म्हणून बायांनाही आणि नावाने त्यालाही एकदमच सांगून झाले.

शहराच्या बाजूने राखेचा एक रिकामा ट्रक वळायच्या बेतात होता. नागसेनने एकदा बसकडे पाहिले, एकदा ट्रककडे. मग ठरावाची प्रत नीट घडी करून माझ्याच हातात परत दिली, कारण ट्रक अडवायला त्याला दोन्ही हात मोकळे हवे होते.